तीन डोलकाठ्यांचं जहाज

फेरीबोट पणजीच्या धक्क्याला टेकत होती. दोराचा फास करून तो खुंटावर टाकायच्या तयारीत मी उभा होतो, तेवढ्यात धक्क्यावरच्या गर्दीतून हाक आली, "भावजीनू! तीन काठयेचा जहाज इलासा ना?"

खुंटावर पडायचा फास पाण्यात पडला. सात वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. वरच्या केबिनमधून बोट हाकणाऱ्या आमच्या मास्टरने माझ्या आईबापांची मोठ्या आवाजात चौकशी केली.

धक्क्यावर भागीरथी वयनी उभी होती. माझा दोस्त जना कोयंडे, त्याची बायको. देवबागहून पहाटेच्या एस्टीने आलेली, डोक्यावर गाठोडं, कपाळावर हे एवढं कुंकू. हाक मला मारली होती, पण नजर माझ्यावर नव्हतीच. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे, मांडवीच्या मध्यावर लागली होती.

तिथे ती जहाजं नांगरून उभी होती. तीन जहाजं, शिडांची, आजे-पणजांच्या घाटाची, कुठल्याशा दूरच्या, पोर्तुगीज बोलणाऱ्या मुलखातून जगाची फेरी करायला निघालेली. चार दिवसांसाठी आमच्या नदीत शिरली आणि सगळं पणजी शहर कामधंदा सोडून काठावर येऊन बसलं. कचेरीतले कारकून जेवणाचे डबे घेऊन नदीवर यायचे आणि पुन्हा कचेरीत जायचं विसरायचे. दोन जहाजं लहान होती. मधलं पांढरं, तीन डोलकाठ्यांचं. त्याची मधली काठी एवढी उंच, की टोकावर घार बसली तर खालून चिमणी दिसायची. हे मी वाढवून सांगत नाही. म्हणजे इतर वेळी सांगतो, आज नाही.

"वर्तमानपत्रात फोटो इल्लो," वयनी फळीवरून बोटीत चढत म्हणाली. "शाळेच्या मास्तरांच्या सुनेन दाखवल्यान. मी म्हटलंय, ह्याच ता. बुधाजी भावजी सांगतत ता ह्याच."

"वयनी, जगात अशी जहाजां खूप..."

"पांढरा आसा. तीन काठये आसत. आणखी काय व्हया?"

  ते जहाज मीच बांधलं होतं. लाकूड, लोखंड काही न लावता, नुसत्या जिभेने.

त्याच्या सव्वीस वर्षं आधी मी आणि जना एका कच्छी तांडेलाच्या गलबतावर होतो. गावचे आम्ही दोघेच, बाकीचे खलाशी तिकडचे. मंगळूरची कौलं भरून वर निघालो, आणि देवबागला परत आलो तो मी एकटा, एस्टीने, माझी वळकटी आणि जनाची पेटी घेऊन. वयनी किनाऱ्यावर उभी होती. सातवा महिना. तिने पेटी पाहिली आणि विचारलं, "हे खंय?" मी तोंड उघडलं आणि तोंडातून एक पांढरं जहाज बाहेर पडलं. तीन डोलकाठ्यांचं. दुपारी वादळ आलं, जना माकडासारखा काठीवर चढला, जवळून जाणाऱ्या त्या जहाजाच्या कप्तानाने दुर्बिणीतून हे पाहिलं, आणि असला माणूस आपल्याला हवाच म्हणून त्याला मागून घेतलं. पेटी मागे का राहिली? तिकडे सगळे कपडे सरकारी.

एकदा जहाज पाण्यात सोडलं की ते चालवावं लागतं. दर चतुर्थीला मी देवबागला जायचो आणि ताजी बातमी द्यायचो. बसऱ्याच्या एका खलाशाला जना भेटला. जनाला शिडांवरचा मुख्य केला. कुठल्या तरी राणीने त्याच्या छातीवर बिल्ला लावला. जनाचे केसही मीच पिकवले. सगळा देवबाग मला थापाड्या म्हणून ओळखायचा. माझ्या एका थापेतला मासा एवढा मोठा, की त्याच्या डोळ्यात बघून मी भांग पाडला होता! तरी वयनी माझं ऐकायची. चहा द्यायची आणि म्हणायची, "फुडे?"

बोट सुटली. जहाजांजवळून जाताना वयनी एका कठड्यावरून दुसऱ्या कठड्याकडे धावली.

"तो काय? टोपयेवालो?"

"तो नव्हे."

"तुमका कसा समाजला? तोंड खंय दिसता?"

"वयनी, बसा बघू हयसर."

"बसाक मी येवक नाय."

पलीकडच्या काठावर बेतीला बोट लागली, ती उतरली नाही. परत पणजी, परत बेती. तीन फेऱ्या ती अशीच उभी. फेरीतले नेहमीचे लोक मला डोळे मिचकावत होते. मधल्या फेरीत ती गाठोड्याची गाठ सोडायची, पुन्हा बांधायची. मी दोर गुंडाळत होतो, उलगडत होतो, पुन्हा गुंडाळत होतो.

शेवटी तिने सांगितलं. "कुंदाचा लगीन आठ दिवसांर इला. बाबल भावजी म्हणतत, जनाक बघलेलो माणूस दाखव, नायतर तेची चिठी दाखव. नाय जमला तर कुंकू पूस आणि आत बस. कन्यादान आमी नवरा-बायको करतलो."

बाबल म्हणजे जनाचा धाकटा भाऊ. नवरा परगावी असला तर त्याच्या जागी पाटावर सुपारी ठेवून बायको मुलीचं कन्यादान करू शकते, तशी आमच्यात रीत. पण नवरा नसलेल्या बाईला त्या पाटाजवळ कोण येऊ देतो? त्या काळी तर नाहीच. कुंदा पोटात असताना जना गेला. शिंपले वेचून, सुकी मासळी विकून वयनीने तिला वाढवलं होतं. आणि त्या पाटावर बाबल बसणार होता. बाबलने पोरीला कधी गोळीबिस्कीट दिलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"लग्नपत्रिकेत मी 'श्री. जनार्दन' छापून घेतलंय," ती म्हणाली. "आता माका त्या जहाजार न्हेवा."

मी मास्टरकडे पोटात कळ आल्याची थाप मारली. तो म्हणाला, "तुझ्या पोटात कळा नाहीत, गोष्टी आहेत. जा."

धक्क्याच्या कडेला कायतान होडी घेऊन बसला होता. जहाजं बघायला जाणाऱ्यांना तो नेऊन आणत होता. मला पाहून ओरडला, "कितें रे बुधा, आज मासो केदो व्हड?"

"वल्हव गप," मी म्हटलं.

त्याने वयनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खरंच गप वल्हवायला लागला. कायतान गप, हे मी त्याआधी त्याच्या बापाच्या मयतालाच पाहिलं होतं.

जहाजाच्या शिडीवरून वयनी माझ्याआधी वर चढली. लोक बघायला आलेले, बायका-मुलं, नुसती जत्रा. पितळ असं घासलेलं की तोंड दिसावं. वयनीने पहिला जो खलाशी दिसला त्याला धरला. पन्नाशीचा गडी, पांढऱ्या मिशा, पोट पुढे आलेलं.

"इचारा तेका. जनार्दन कोयंडे. देवबागचो."

मला पोर्तुगीज येतं ते पणजीतल्या म्हाताऱ्यांकडून उचललेलं, दहा-पंधरा वाक्यांचं. मी त्याला नमस्कार करून विचारलं, ही काठी किती उंच आहे? तो खुलला. हात वर करून, मान मागे टाकून त्याने काहीतरी लांबलचक सांगितलं.

"काय म्हणता?" वयनीने माझी बाही धरली होती.

"ओळखता म्हणता," मी म्हणालो.

शपथेवर सांगतो, बोलायचं मी ठरवलं नव्हतं. वाकडं चाक आपोआप वळतं तशी जीभ वळली.

"कसो आसा इचारा."

मी विचारलं, इथे जेवण बरं मिळतं का? त्याने आपल्या पोटावर थापटलं आणि हसला.

"बरो आसा. पोट सुटला म्हणता."

वयनी हसली. तोंडावर पदर धरून, लग्नात नाव घेताना पोरी हसतात तशी. मग तिने गाठोडं तिथेच लाकडी फळ्यांवर सोडलं. सुके बांगडे, आमसुलं, नवं धोतर, वर हळदीची बोटं लावलेली पत्रिका. एकेक वस्तू ती त्या माणसाच्या हातात देत गेली आणि तो बिचारा घेत गेला. बांगड्यांचा वास घेऊन त्याने डोळे मिटले. त्याला आवडला असावा.

"तेका सांगा, येवक नाय जमला तर नाय. पण दोन वळी लिवन दी म्हणा. जना बरो आसा, इतक्याच. बाबल भावजींच्या तोंडार मारूक."

आणि तिने चोळीतून एक कागद आणि शाळेतली पेन्सिल काढली. घरून घेऊन आली होती.

तुम्हाला सांगतो, मी चार घटका विचार केला नसेल, चार पळंच केला असेल. या माणसाला म्हणायचं, तुझं आणि तुझ्या गावाचं नाव लिही. तो खुशीने लिहील. देवबागात पोर्तुगीज वाचणारा कोण? कागदावर परदेशी अक्षरं, खाली सही, आणि वाचून दाखवायला मी. बाबल कोयंडे आयुष्यभर त्याला आव्हान देऊ शकला नसता. वयनी पाटावर बसली असती. एवढी चोख थाप मी जन्मात रचली नव्हती.

मी पेन्सिल त्याच्या हातात दिली. म्हटलं, तुझं नाव लिही. तो गुडघा टेकून बसला, कागद मांडीवर घेतला.

तेवढ्यात शिटी वाजली. खलाशी पळत आले आणि दोरांच्या शिड्यांवरून सरसर वर चढायला लागले. पाहुण्यांना कसरत दाखवायची वेळ झाली होती. खाली सगळे टाळ्या वाजवायला लागले. वयनीने मान वर केली.

"आमचो असोच चढायचो?"

मीही वर पाहिलं. पाहायला नको होतं. एक जण सगळ्यांत वरच्या आडव्या लाकडावर, अगदी टोकाला सरकत गेला आणि खाली वाकला. एक पाय दोरात, एक हात सुटा.

 मी मटकन खाली बसलो आणि डोळ्यांवर हात घेतला.  तो खलाशी लिहायचं थांबला.

"भावजीनू! काय झाला? पाणी व्हया?"

"वयनी, तो पडलो."

तिने घाबरून वर पाहिलं. "कोण? कोणच पडूक नाय. सगळे आसत."

"जना," मी म्हणालो.

टाळ्या चालूच होत्या. ती उकिडवी बसली, माझ्या तोंडासमोर.

"कधी?"

"तेच दिवशी. काठयेवरना. गावलो नाय."

ती रडली नाही. तिच्या कपाळावर एक आठी आली, हिशेब चुकलेल्या माणसाला येते तशी, आणि ती कितीतरी वेळ तशीच राहिली.

"वादळ दुपारी इला," ती म्हणाली. "दर चतुर्थीक तू सांगलंस. दुपारी."

तू. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिने मला 'तू' म्हटलं.

"व्हय. दुपारी."

"त्या म्हयन्यात तेची पाळी सकाळची."

आमच्या गलबतांवर काठीवर चढणारे दोघे असायचे. एकाची पाळी सकाळची, दुसऱ्याची दुपारनंतरची, महिन्याने अदलाबदल. घरच्या बाईला नवऱ्याची पाळी पाठ असते. त्याची पाळी असेपर्यंत घरात भांडं पालथं घालायचं नाही, एवढं तिने पाळायचं. सव्वीस वर्षं मी जनाला दुपारी काठीवर चढवत होतो आणि सव्वीस वर्षं तिला वाटत होतं, तो हौसेने चढला.

"दुपारची पाळी कोणाची होती?" तिने विचारलं.

"माझी."

"मगे?"

"माझ्या हाताक चिंधी बांधलेली होती."

"कापलेलो?"

यावर एक थाप तयार होती. जिभेच्या टोकावर होती, अजून आठवते.

"नाय," मी म्हणालो. "वारो बघून बांधलंय."

ती उठली. त्या खलाशाच्या हातातला कागद तिने घेतला. त्याने नाव अर्धं लिहिलं होतं. कागदाची घडी करून तिने तो परत चोळीत ठेवला. बांगडे, धोतर, पत्रिका परत द्यायला तो हात पुढे करत होता. ती म्हणाली, "ऱ्हवांदे तेका. तेचीय बायल खंयतरी वाट बघीत आसतली." आणि शिडीकडे चालू लागली.

होडीत ती माझ्याकडे पाठ करून बसली. कायतान एकदा माझ्याकडे बघायचा, एकदा तिच्या पाठीकडे. अर्ध्या नदीत आल्यावर ती न वळता बोलली.

"तुझी बायको येतली लग्नाक?"

"येतली."

"कन्यादानाक तुमी दोघां बसात. बाबल नाय."

"वयनी, माका कोण बसाक देतलो? लोक इचारतले, तू कोण."

"इचारतले तेवा सांग." ती म्हणाली, "सगळ्यांच्या फुड्यात. माका सांगलंस तसा. आदी-मदी मासो घालू नको."

कायतानने होडी धक्क्याकडे वळवली.

"आणि तुमी?" मी विचारलं.

"मी आत बसतलंय. माझा काय ता माका समाजता."

धक्क्यावर उतरल्यावर तिने मागे वळून जहाजाकडे पाहिलं नाही. सरळ एस्टी स्टँडकडे गेली. मी तीनदा हाक मारायला तोंड उघडलं. संध्याकाळपर्यंत मी आणखी अठरा वेळा नदी ओलांडली आणि प्रत्येक वेळी त्या जहाजाकडे पाठ करून उभा राहिलो. दोन दिवसांनी ओहोटीबरोबर ती जहाजं निघून गेली. काठावर लोक रुमाल हलवत होते. मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ह्याय खरा कशावरना?" आणि मग माझं तोंड पाहून लग्नाला नेसायचं लुगडं काढायला उठली.

लग्नाच्या दिवशी देवबागच्या मांडवात बाबल नवं उपरणं घालून, बायकोला शेजारी घेऊन पाटावर बसला होता. मी पुढे झालो.

"बाबल, ऊठ. कन्यादान मी करतलंय."

"तू? तू खंयचो कोण?"

मांडवात हसू फुटलं. मागून कुणीतरी म्हणालं, "बुधाजी इलो! आता मासो काढतलो!" वेंगुर्ल्याहून आलेले वऱ्हाडी पुढे सरकून बसले. माझी कीर्ती तिथवर पोचली होती.

मी सांगितलं. जना मेला त्याला सव्वीस वर्षं झाली. पांढरं जहाज नव्हतंच. पाळी माझी होती, हाताला काही झालेलं नव्हतं, तो माझ्या जागी चढला. पहिल्या दोन वाक्यांना लोक हसले. तिसऱ्यालाही मागचे दोघे हसले. मग माजघराच्या दारात भागीरथी वयनी येऊन उभी राहिली. कपाळ मोकळं, गळा मोकळा. हसणारे तसेच तोंड उघडं ठेवून राहिले.

बाबल उठेना. "म्हणान काय झाला? मी सख्खो काको. ह्या थापाड्याक..."

"काकानू, उठा," कुंदा म्हणाली.

आईने तिला आधीच सांगितलं होतं. मुंडावळ्यांआडून तिचा आवाज बापासारखा आला, थोडा घोगरा. बाबलने भटजींकडे पाहिलं, भटजींनी घड्याळाकडे. बाबल उठला.

मी बसलो, बायको बसली. कुंदाचा हात माझ्या ओंजळीत आला, वरून पाण्याची धार पडली. तेवढा वेळ, आणि त्यानंतरही, तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. वरातीला निघताना ती सगळ्यांच्या पाया पडली. माझ्यापाशी आली, माझ्या बायकोच्या पाया पडली आणि पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव उतरवत होते. मी वळकटी बांधून निघायच्या बेतात होतो. वयनी ओट्यावर येऊन बसली. हातात दोन कप. एक माझ्यासमोर ठेवला.

"बस. आता पयल्यापासून सांग."

मी सांगितलं. भटकळच्या वर वारा फिरला. शिडाचा दोर वर कप्पीत अडकला. तांडेल ओरडला, चढा. मी चिंधी बांधलेला हात वर केला. जनाने त्या हाताकडे पाहिलं. तोंडातली विडी काढून माझ्या दुसऱ्या हातात दिली, म्हणाला विझू देऊ नको, आणि चढला. दोर सुटला. शीड झटक्यात फिरलं. तांडेलाने दोनदा वळसा घेतला. पाण्यात काही दिसलं नाही.

चहाला अजून वाफ होती. मी थांबलो.

तिकडे वासे उतरवून एकावर एक टाकल्याचा आवाज येत होता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"फुडे?" ती म्हणाली.

"फुडे काय नाय."

"येवडीच गोष्ट?"

"येवडीच," मी म्हणालो.